कारखान्यासाठी मोठी वीजसाठवण: बॅटरीचे तंत्रज्ञान कसे पारखावे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या शेडच्या छपरांवर सौर पॅनेल दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही, आणि पॅनेलच्या पाठोपाठ बॅटरी विक्रेत्यांची पत्रकेही मालकांच्या टेबलावर येऊ लागली आहेत. त्या पत्रकांत क्षमता, सायकलची (म्हणजे एकदा भरून रिकामी करण्याच्या फेऱ्यांची) संख्या आणि वॉरंटीची वर्षे ठळक अक्षरांत असतात; मात्र ती क्षमता कोणत्या तापमानाला आणि किती वेगाने वीज काढल्यावर मिळते, शेवटच्या वर्षी तिच्यातली किती उरते आणि मोजणी बॅटरीच्या टोकाला केली की मीटरच्या, याचा उल्लेख सहसा नसतो. काहीशे ते काही हजार युनिट साठवण्याचा विचार करणाऱ्या फौंड्री, मशिन शॉप आणि यंत्रमाग कारखान्यांनी तंत्रज्ञानांची तुलना कशी करावी, याची रीत या लेखात मांडली आहे. या रीतीत बॅटरीतल्या रसायनाची निवड बरीच उशिरा येते, आणि ते मुद्दाम आहे. एकाच कंपनीची एकच बॅटरी एका शेडमध्ये फायद्यात आणि शेजारच्या शेडमध्ये तोट्यात जाऊ शकते, कारण फरक बॅटरीत नसून तिला दिलेल्या कामात असतो.

पहिली पायरी: बॅटरीला काम नेमून द्या

कारखान्यात बॅटरीकडून मुख्यतः चार कामे घेता येतात. दुपारची स्वस्त किंवा स्वतःच्या छपरावरची वीज साठवून ती संध्याकाळच्या महाग तासांत वापरणे, कमाल मागणीचा शेंडा छाटून मागणी शुल्क कमी करणे, वीज गेल्यावर जनरेटरची जागा घेणे, आणि ग्रीडमध्ये सोडून फारसा मोबदला न मिळणारी जादा सौर वीज अडवून ठेवणे. विक्रेता ही चारही कामे एकाच बॅटरीतून होतील असे सांगतो. ते पूर्णपणे खोटे नसले, तरी शेंडा छाटण्यासाठी रिकामी झालेली बॅटरी त्याच संध्याकाळी वीज गेल्यावर उपयोगी पडत नाही, हे लक्षात ठेवावे. म्हणून मुख्य काम एकच ठरवावे आणि बाकीची कामे जमली तर जमली असे धरावे.

काम ठरले की ते दोन आकड्यांत लिहावे: किती किलोवॅट आणि किती तास. समजा एका मशिन शॉपला अर्ध्या तासाचा ३०० किलोवॅटचा शेंडा छाटायचा आहे. तिथे १५० युनिट पुरतात, पण ती सगळी अर्ध्या तासात बाहेर पडली पाहिजेत. दुसऱ्याला संध्याकाळी चार तास २५० किलोवॅटचा भार चालवायचा आहे. तिथे १,००० युनिट लागतात, पण ती सावकाश निघाली तरी चालते. ही दोन वेगळी यंत्रे आहेत. जगातले मोठे प्रकल्पही याच दोन आकड्यांनी वाचावेत. दक्षिण ऑस्ट्रेलियातला हॉर्न्सडेलचा प्रकल्प २०१७ मध्ये १०० मेगावॅट आणि १२९ मेगावॅट-तास क्षमतेने सुरू झाला, म्हणजे पूर्ण जोराने चालवला तर सव्वा तासाच्या थोडा वर. ग्रीडची फ्रिक्वेन्सी सावरण्याच्या कामाला तेवढा वेळ पुरतो. छत्तीसगडमधल्या राजनांदगावचा २०२४ मधला प्रकल्प ४० मेगावॅट आणि १२० मेगावॅट-तासांचा, म्हणजे तीन तासांचा आहे, कारण त्याला सौर वीज संध्याकाळपर्यंत न्यायची आहे.

कोल्हापुरात या विषयावर बोलताना इंडक्शन भट्टीचा प्रश्न हमखास निघतो. एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. म्हणजे १,००० युनिटांच्या बॅटरीवर एक टनाच्या भट्टीची दीड-पावणेदोन हीट (भट्टी एकदा भरून वितळवण्याची फेरी) निघेल आणि बॅटरी रिकामी होईल. भट्टी बॅटरीवर चालवण्याचा विचार सोडून द्यावा. हीटची वेळ स्वस्त तासांत सरकवण्याला भांडवल लागत नाही, म्हणून आधी ते करावे. भट्टीच्या कॉइलला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप मात्र बॅटरीसाठी उत्तम गिऱ्हाईक आहे. धातू वितळलेल्या अवस्थेत असताना वीज गेली आणि पाणी थांबले, तर कॉइल आणि अस्तर दोन्ही धोक्यात येतात, आणि हा पंप तासभर चालवायला फार मोठी बॅटरी लागत नाही.

काही कामांना बॅटरी लागतच नाही. दूध शीतकरण केंद्रात स्वस्त तासांत बर्फ किंवा थंड पाणी साठवणे हे बॅटरीपेक्षा स्वस्त पडते. उपसा सिंचनात वीज साठवण्यापेक्षा पाणी उंचावरच्या टाकीत साठवलेले बरे. आणि साखर कारखान्याने गळीत हंगामात बगॅसवर तयार केलेली वीज बिगर-हंगामासाठी बॅटरीत ठेवण्याची कल्पना कोणी मांडली, तर तिथेच थांबावे. वर्षातून एकदाच भरणाऱ्या आणि एकदाच रिकाम्या होणाऱ्या बॅटरीचा खर्च कोणत्याही रसायनात भरून निघत नाही. त्यापेक्षा बगॅसच साठवावे, आणि कारखाने ते करतातही.

दुसरी पायरी: भाराचा आलेख काढा

महावितरणच्या उच्चदाब मीटरमध्ये ठरावीक मिनिटांच्या अंतराने भाराची नोंद होते. ही माहिती मिळवून पूर्ण वर्षाचा, निदान उन्हाळ्याचा एक आणि पावसाळ्याचा एक असा महिनाभराचा आलेख काढावा. कमाल मागणी ही क्षणाची नसून त्या ठरावीक कालखंडाची सरासरी असते, त्यामुळे मोटर सुरू होतानाच्या दोन सेकंदांच्या उसळीसाठी बॅटरी घेण्याचे कारण नसते. वेळेनुसार बदलणारे दर आणि सवलतीचे तास राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलत राहतात. म्हणून कोणाच्याही सादरीकरणातले दर न घेता स्वतःच्या ताज्या बिलावरचे घ्यावेत, आणि पुढच्या आदेशात ते बदलले तर हिशेब टिकतो का, हेही पाहावे. शेंडा वर्षातून तीनच दिवस येत असेल, तर त्यावर बॅटरी हा उपाय नव्हे. दोन कॉम्प्रेसर एकाच वेळी सुरू न करण्याची शिस्त तिथे पुरते.

तिसरी पायरी: विकत घ्यायची क्षमता काढा

लागणारी युनिट आणि विकत घ्यायची क्षमता यांत मोठे अंतर असते. वरचेच १,००० युनिटांचे उदाहरण घेऊ. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी रोज ९० टक्के रिकामी केली, इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये बाहेर पडताना ४ टक्के वीज गेली, आणि आयुष्याच्या शेवटी मूळ क्षमतेच्या ८० टक्केच उरणार हे धरले, तर १,००० ला ०.९०, ०.९६ आणि ०.८० यांनी भागावे लागते; उत्तर सुमारे १,४५० युनिट येते. हाच हिशेब लेड-ॲसिडचा केला, तर ती निम्मीच रिकामी करायची असल्याने उत्तर सुमारे २,६०० युनिटांवर जाते. व्हॅनेडियम फ्लो बॅटरी पूर्ण रिकामी करता येते आणि तिच्या द्रावणाची क्षमता बरीचशी परत मिळवता येते. तिथे इन्व्हर्टर आणि पंपांची वीज धरून १,१०० च्या आसपास काम भागते. म्हणजे पत्रकावरच्या ‘प्रति युनिट किंमत’ या आकड्यावर तीन तंत्रज्ञाने शेजारी ठेवली, तर तुलना सुरुवातीलाच चुकलेली असते.

लिथियमच्या बाबतीत आणखी एक पर्याय खुला आहे. पहिल्या दिवशी १,४५० ऐवजी १,१६० युनिट घ्यावीत आणि चार-पाच वर्षांनी जागा राखून ठेवलेल्या ठिकाणी बॅटरीची नवी रॅक जोडावी. त्यासाठी केबल, पाया आणि इन्व्हर्टरची तरतूद आधी करावी लागते, आणि जुन्या रॅकसोबत नवी चालेल अशी लेखी हमी पुरवठादाराकडून घ्यावी लागते.

चौथी पायरी: आता तंत्रज्ञाने समोर ठेवा

लेड-ॲसिड ही १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँते यांनी शोधलेली आणि कोल्हापुरातल्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनला माहीत असलेली बॅटरी आहे. तिची पहिली किंमत कमी असते, तिचे शिसे भंगारात चांगल्या भावाने जाते, आणि ट्युब्युलर प्लेटची बॅटरी नीट सांभाळली आणि दर वेळी निम्मीच रिकामी केली तर हजार ते दीड हजार सायकली देते. रोजच्या साठवणीत मात्र तिची अडचण वेगळी आहे. पावसाळ्यात सौर वीज अपुरी पडली आणि बॅटरी आठवडेच्या आठवडे पूर्ण चार्ज झाली नाही, तर प्लेटवर सल्फेटचा थर धरतो आणि क्षमता कायमची घटते. त्यात तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिले की आयुष्य जवळपास निम्मे होते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. वर्षातून मोजक्या वेळा वीज जाते तेव्हापुरती, म्हणजे वर सांगितलेल्या कॉइल पंपासारख्या कामाला, ती आजही योग्य आहे. रोज संध्याकाळी चार तास चालवण्यासाठी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिथियम-आयनचे दोन प्रमुख प्रकार साठवणीत दिसतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टचा प्रकार, म्हणजे एनएमसी, वजनाला हलका असतो आणि म्हणून वाहनांत शोभतो. जमिनीवर एका जागी बसणाऱ्या कंटेनरला वजनाचे काय? लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, प्रति सेल ३.२ व्होल्टची, तुलनेने जड, पण कोबाल्ट आणि निकेल यांशिवाय बनणारी, उष्णतेला अधिक टिकणारी आणि साधारण ४,००० ते ८,००० सायकली देणारी असते. मीटरपासून मीटरपर्यंत मोजली तर तिची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास येते. पत्रकातला ९५ टक्क्यांचा आकडा बहुधा केवळ सेलचा असतो, त्यात इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर आणि कूलिंग धरलेले नसते. एलएफपीचा व्होल्टेजचा आलेख मधल्या भागात जवळपास सपाट असल्याने ती नेमकी किती भरली आहे हे व्होल्टेजवरून ओळखणे कठीण जाते. त्यामुळे नियंत्रण प्रणालीला आपला अंदाज दुरुस्त करता यावा म्हणून ती अधूनमधून पूर्ण चार्ज करावी लागते. पडद्यावर ३० टक्के दिसत असताना बॅटरी अचानक बंद पडल्याच्या तक्रारींमागे पुष्कळदा हेच कारण असते.

सोडियम-आयन बॅटरीकडे पुढच्या काही वर्षांच्या दृष्टीने लक्ष ठेवावे. तिला लिथियम लागत नाही, दोन्ही बाजूंना तांब्याऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा वापरता येतो, आणि ती शून्य व्होल्टपर्यंत उतरवून सुरक्षितपणे वाहून नेता येते. पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीजने डिसेंबर २०२३ मध्ये आपले सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केले, तर चीनमधल्या हुबेई प्रांतात २०२४ मध्ये १०० मेगावॅट-तासांचा सोडियम-आयन प्रकल्प सुरू झाला. तरीही प्रत्यक्ष ऊन-पावसात दहा वर्षे चाललेला मोठा प्रकल्प दाखवा म्हटले, तर एलएफपीची उदाहरणे मिळतात आणि सोडियमची नाहीत. दुसऱ्याच्या प्रयोगाचा खर्च आपल्या कर्जखात्यावर घेऊ नये.

व्हॅनेडियम फ्लो बॅटरीची रचना वेगळी आहे. वीज घन प्लेटमध्ये न साठता दोन टाक्यांतल्या द्रावणात साठते, आणि पंप ते द्रावण मधल्या सेलमधून फिरवतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकोस यांनी १९८० च्या दशकात ती विकसित केली, आणि २०२२ मध्ये चीनमधल्या दालियानला १०० मेगावॅट व ४०० मेगावॅट-तासांचा प्रकल्प ग्रीडला जोडला गेला. तास वाढवायचे तर केवळ टाक्या मोठ्या कराव्या लागतात, द्रावण पाण्याचे असल्याने पेट घेत नाही, आणि सायकलींची संख्या दहा हजारांच्या पुढे जाते. पण मीटरपासून मीटरपर्यंतची कार्यक्षमता ६५ ते ७५ टक्केच असते. आमच्या उदाहरणात रोज १,००० युनिट मिळवण्यासाठी ८६ टक्के कार्यक्षमतेच्या एलएफपीला सुमारे १,१६३ युनिट भरावी लागतील आणि ६८ टक्क्यांच्या व्हॅनेडियमला सुमारे १,४७१; वर्षाला ३०० दिवस धरले, तर फरक ९२ हजार युनिटांहून अधिक होतो. शिवाय नेहमीचे द्रावण ४० अंशांच्या वर गेले की व्हॅनेडियमचा साका बसू लागतो, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली तिला थंड ठेवण्याचा वेगळा खर्च आला. सहा-आठ तासांची साठवण, मुबलक जागा आणि जवळपास फुकट सौर वीज असा योग असेल, तरच तिचे दरपत्रक मागवावे.

सोडियम-सल्फर बॅटरी ३०० अंशांच्या वर तापलेली ठेवावी लागते. ती वीज मंडळांच्या आवाक्यातली गोष्ट आहे, शेडमधली नव्हे. आयर्न-एअर बॅटरी दिवसेंदिवसांच्या साठवणीसाठी घडवली जात आहे आणि आपल्या रोजच्या कामाशी तिचा संबंध नाही.

पाचवी पायरी: मिळालेल्या युनिटाची किंमत काढा

खरेदी, आयुष्यातले बदल, देखभाल आणि कर्जावरचे व्याज यांची बेरीज करून तीतून भंगाराची किंमत वजा करावी, आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर मिळणाऱ्या युनिटांनी भागावे. त्यात भरलेल्या विजेचा दर भागिले कार्यक्षमता, हा आकडा मिळवावा. केवळ रीत दाखवण्यासाठी असे समजू की १,४५० युनिटांचा एलएफपी संच सर्व बांधकामासह २ कोटी रुपयांना पडला आणि देखभालीला वर्षाला ३ लाख लागले. वर्षाला ३०० दिवस, १२ वर्षे, रोज १,००० युनिट म्हणजे ३६ लाख युनिट. खरेदी आणि देखभाल मिळून युनिटामागे सुमारे ६ रुपये ५६ पैसे झाले, व्याज अजून धरलेलेच नाही. स्वतःच्या छपरावरची वीज साडेतीन रुपयांना पडते असे धरले, तर ८६ टक्क्यांनी भागून ४ रुपये ७ पैसे त्यात मिळवावेत. एकूण सुमारे १० रुपये ६३ पैसे.

हा आकडा संध्याकाळच्या बिलातल्या दराशेजारी ठेवला की पुष्कळांचा उत्साह ओसरतो, आणि तो वेळीच ओसरलेला चांगला. केवळ दुपार-संध्याकाळच्या दरांतल्या फरकावर उभा केलेला प्रकल्प काठावरच असतो. मागणी शुल्कातली बचत मिळाली की तो सावरतो. डिझेल वाचले तर चित्रच पालटते, कारण जनरेटर लिटरमागे साधारण साडेतीन युनिट देतो आणि डिझेल ९० रुपये धरले, तरी युनिट २५ रुपयांच्या वर जाते. ज्या वसाहतीत फीडर वारंवार बंद पडतो तिथे बॅटरी लवकर फिटते, आणि जिथे पुरवठा चांगला आहे तिथे तीच बॅटरी उशिरा फिटते. सायकलींवरून आयुष्य काढतानाही सावध राहावे: ६,००० सायकली भागिले ३०० म्हणजे २० वर्षे असे कोणी सांगेल, पण सेल न वापरतासुद्धा जुने होतात, म्हणून हिशेब १२ ते १५ वर्षांपर्यंतच धरावा, त्यापुढे नेऊ नये.

सहावी पायरी: जागा पारखा

फौंड्रीत सिलिका, कोळसा आणि लोखंड यांची धूळ हवेत असते, आणि शेवटच्या दोन्ही धुळी वीजवाहक आहेत. हवेने थंड होणारा कंटेनर सँड प्लांटच्या वाऱ्याच्या दिशेला ठेवला, तर फिल्टर वरचेवर तुंबतात आणि धूळ आत बसबारपर्यंत (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांपर्यंत) पोहोचते. तिथे बंद आवरणाचा, द्रवाने थंड होणारा संच जास्त किमतीला घेणे परवडते. भट्टीच्या कन्व्हर्टरमुळे होणारे हार्मोनिक्स, म्हणजे विजेच्या लहरीतला बिघाड, आधी मोजून घ्यावेत आणि त्या अहवालासह इन्व्हर्टरचे दरपत्रक मागवावे.

पंचगंगेच्या पुराचा विचार न करता या जिल्ह्यात पाया घालू नये. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. ज्या भागात पाणी आले होते तिथे भिंतीवरच्या खुणेपेक्षा पुरेसा उंच चौथरा, वरून येणाऱ्या केबल आणि पाणी चढण्याआधी संच वेगळा करण्याची लेखी कार्यपद्धती हवी. पुरात बुडालेली लिथियम बॅटरी वाळवून पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

आगीच्या बाबतीत एलएफपी एनएमसीपेक्षा सौम्य आहे, पण निर्धोक नाही. बिघडलेला सेल हायड्रोजनसह ज्वलनशील वायू सोडतो आणि बंद खोलीत त्यांचा स्फोट होऊ शकतो. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये एप्रिल २०१९ मध्ये साठवण कंटेनरचा दरवाजा उघडल्यावर झालेल्या स्फोटात चार अग्निशामक जवान गंभीर जखमी झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगला इमारतीच्या आत बसवलेला मोठा संच जळाला. म्हणून संच शेडबाहेर, गॅसचे सिलिंडर, डिझेलची टाकी आणि लॅडलच्या (वितळलेला धातू नेणाऱ्या भांड्याच्या) वाटेपासून दूर ठेवावा, वायू ओळखणारी आणि बाहेर काढणारी व्यवस्था घ्यावी, आणि अग्निशमन दलाला जागा आधीच दाखवून ठेवावी. औद्योगिक लिथियम बॅटरीच्या सुरक्षेचे आयईसी ६२६१९ प्रमाणपत्र आणि आग कशी पसरते हे तपासणाऱ्या यूएल ९५४०ए चाचणीचा संपूर्ण अहवाल मागावा. मुखपृष्ठाच्या छायाप्रतीवर समाधान मानू नये.

सातवी पायरी: करार आणि चाचणी

दरपत्रके मागवताना सर्वांना एकच तक्ता पाठवावा, आणि त्यात क्षमता मीटरच्या टोकाला, ४० अंश तापमानाला, आपल्या वेगाने वीज काढल्यावर लिहायला सांगावी. वॉरंटीत वर्षे, एकूण बाहेर पडणारी युनिट आणि शेवटी उरणारी टक्केवारी हे तिन्ही आकडे हवेत. यांपैकी जो आधी संपेल तिथे वॉरंटी संपते, म्हणून रोज दोन सायकली करण्याचा बेत असेल तर तो आधीच सांगावा. नियंत्रण प्रणालीतली माहिती मालकाला पुरवठादाराच्या परवानगीशिवाय पाहता आली पाहिजे. बंद पडलेल्या मॉड्यूलसाठी माणूस पुण्याहून येणार की परदेशातून, आणि सुटे भाग कुठे ठेवलेले आहेत, हेही करारात लिहून घ्यावे.

शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्यावा. चाचणी मे महिन्यात झाली तर उत्तम: संच पूर्ण भरावा, ठरलेल्या भाराने रिकामा करावा, पुन्हा भरावा, आणि आत गेलेली व बाहेर आलेली युनिट स्वतःच्या तपासून घेतलेल्या मीटरवर मोजावीत. कूलिंग आणि पंपांची वीज वेगळ्या जोडणीवर असेल, तर तीही आत गेलेल्या विजेत धरावी. हीच चाचणी दरवर्षी त्याच महिन्यात करण्याची आणि क्षमता हमीपेक्षा कमी भरल्यास भरपाईची अट करारात असावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार निकामी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर येते. तरी कंटेनर उचलण्याचा आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे एका वाक्यात लिहून त्यावर सही घ्यावी.